टेस्टोस्टेरॉन घेतल्याने मूल लवकर होतं?
‘पुरुषी हार्मोन टोचून घेतलं की मूल लवकर होईल’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. घडतं नेमकं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना इशारे देणंच थांबवते. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात, वृषणं आक्रसतात. औषध सोडल्यावरही गाडी रुळावर यायला कित्येक महिने जातात. मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्यासाठी हा काळ फार जीवघेणा असतो.

सकाळच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत हार्मोन खरोखर कमी आढळलं आणि त्रासही असेल, तर उपचाराने कामेच्छा सुधारते. मात्र रक्त दाट होऊ शकतं. टेस्टोस्टेरॉन उपचारावरच्या २०२३च्या ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या अभ्यासात हार्टअटॅक वाढले नाहीत, पण फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, दुसरी औषधं आहेत.