निफाड महाबळेश्वरपेक्षा गार कसं?

डिसेंबर-जानेवारीत ती बातमी ठरलेली असते: नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर, महाबळेश्वरपेक्षाही गार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद, शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो आणि ‘उत्तरेकडील थंड वाऱ्यांमुळे’ एवढं एका ओळीचं कारण. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. उत्तरेचा वारा एकट्या निफाडवर थोडाच येतो?

दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हे अकरावी-बारावीच्या भूगोलात पाठ झालेलं असतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर, निफाड त्याच्या निम्म्याहूनही खाली. या हिशेबाने महाबळेश्वर पाच अंशांनी तरी गार हवं. दुपारी ते गार असतंही. पहाटे मात्र पारडं फिरतं, कारण रात्री हवेला गार करते ती जमीन.

दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. १२ अंशांवरची जमीन दर चौरस मीटरला साधारण ३५० वॅट ऊर्जा सोडते. वर ढग असतील किंवा हवा दमट असेल, तर त्यातला मोठा वाटा परत खाली येतो. ढगांची गोधडीच म्हणा. पण पाण्याची वाफ सगळ्याच तरंगलांबींचे किरण अडवत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात तिची अडवणूक फार कमी होते, आणि नेमका याच पट्ट्यात, १० मायक्रोमीटरच्या आसपास, जमिनीच्या प्रारणाचा जोर सर्वाधिक असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की ही खिडकी सताड उघडते आणि उष्णता थेट अवकाशात जाते. उत्तरेच्या वाऱ्याचं खरं काम इथे आहे: तो थंडीबरोबर कोरडी हवा आणतो. मग रात्री वारा पडला की जमिनीलगतची हवा जमिनीबरोबर गार होत जाते आणि वरची ऊबदार हवा तिच्यात मिसळत नाही. खाली गार, वर ऊबदार. हीच तापमानाची विपरीतता.

कोरडेपणाचा आणखी एक फटका बसतो. हवेत बाष्प पुरेसं असेल तर दव पडतं, आणि दव पडताना दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे ६०० कॅलरी अप्रकट उष्मा (वाफेत दडलेली उष्णता) सुटतो. त्यामुळे पाऱ्याची घसरण मंदावते. हवा कोरडी असेल तर दव पडायला पारा फार खाली जावा लागतो, म्हणजे हा अडथळा उशिरा येतो.

आता भूगोल. गार हवा जड असते, ती उताराने ओघळून सखल भागात साचते. गोदावरी नाशिकहून निफाड तालुक्याकडे वाहते, म्हणजे निफाड हे नाशिक शहरापेक्षा सखल, हे उघडच आहे. पुढे नांदूरमध्यमेश्वरला कादवा तिला मिळते. नद्यांच्या या खोलगट पट्ट्यात रात्रभर गारवा जमतो. नाशिक शहराला सिमेंट-डांबरात साठलेल्या उष्णतेचा आधार मिळतो, निफाडच्या शिवाराला तो नाही. खुद्द महाबळेश्वरातही हेच दिसतं: दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या सखल परिसरातून, डोंगरमाथ्यावरून नव्हे.

दर हिवाळ्यात मोबाइलवर एक मेसेजही फिरतो: पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्याने यंदा कडाका वाढणार, सर्दी-खोकला होणार. हे साफ चूक आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते. असला मेसेज पुढे ढकलण्याआधी विद्यार्थ्यांनी तरी एकदा पुस्तक उघडावं.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही, द्राक्षबागांशी त्याचा थेट संबंध आहे. गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले, म्हणजे पिकू लागून मऊ झालेले मणी तडकतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, पेटीच्या सावलीत असतो. उघड्यावरचं गवताचं पातं त्याहून काही अंशांनी गार होतं. म्हणून पारा तीन-चार अंश दाखवत असतानाही पात्यावरचं दव गोठलेलं दिसतं.

शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. धुराने बाग झाकली जाते असा समज आहे, पण धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. धूर थोडा वर चढून आडवा पसरताना दिसतो ना, तिथेच वरच्या ऊबदार हवेचं छत लागतं आणि खालची उष्णता त्याखाली कोंडली जाते. एकच मोठा जाळ केला तर तापलेली हवा ते छत फोडून निघून जाते, म्हणून छोट्या-छोट्या शेकोट्या बागभर पसरून पेटवणं चांगलं. बागेला पाणी देण्यामागेही विज्ञान आहे: ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालच्या थरांतली ऊब वर पोचवते. आणि पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या सुमारास, कारण तोवर जमिनीचा तोटा चालूच असतो. तेव्हा तांबडं फुटलं म्हणून शेकोट्या विझू देऊ नयेत.