शेवटचे भाग कुठून येतात: सुपरहिरो संघाच्या कार्टून मालिका आणि त्यांच्या परीक्षणाची पार्श्वभूमी

सुपरहिरो संघाची कार्टून मालिका संपत आली की तिच्यावरच्या मजकुरात दोनच शेरे पुन्हापुन्हा दिसतात: ‘शेवट गुंडाळला’ नाहीतर ‘शेवटी कमाल केली’. सांगली, मिरज, सातारा या पट्ट्यातून अशा मालिकांवर मराठीत लिहिणारी पिढी बहुतेक केबलवर हिंदी डबिंग बघत वाढलेली. या पात्रांवर तिचा जीव आहे, आठवणही पक्की आहे. कमी पडतो तो मागचा हिशेब. शेवटचे भाग किती भागांच्या ऑर्डरमधून आले, कुठल्या स्टुडिओत रंगवले गेले, कुठल्या क्रमाने बनले आणि कुठल्या क्रमाने दाखवले गेले, हे माहीत नसेल तर त्यांच्यावरचा शेरा अर्धवटच राहतो.

पासष्टचा आकडा

सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे तेरा आठवडे, म्हणजे ६५ भाग. अमेरिकेत कार्टून मालिका या आकड्यापर्यंत पोचली की वाहिनीला ती रोजच्या ठरलेल्या वेळेत तीन महिने चालवता येते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. मुलं मोठी होतात, नवी मुलं येतात, त्यामुळे नवीन भागांवर पैसा घालण्यापेक्षा जुने ६५ फिरवणं स्वस्त पडतं. मालिकेचा शेवट आखताना लेखकांची नजर बऱ्याचदा या आकड्यावर असायची.

‘एक्स-मेन’ हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. फॉक्स किड्सवर ३१ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालेली ही मालिका ६५ भागांच्या हिशेबाने चालली होती, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये दाखवलेली ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ ही चार भागांची कथा समारोप म्हणून आखलेली होती. काळाच्या पलीकडची जागा, अपोकॅलिप्ससारखा खलनायक, जुन्या पात्रांची गर्दी, सगळी मांडणी निरोपाची. मग आणखी ११ भागांची मागणी आली आणि एकूण आकडा ७६ वर गेला. या वाढीव भागांपैकी अखेरच्या काही भागांचं रंगकाम, म्हणजे चित्रं काढून ती हलती करण्याचं (ॲनिमेशनचं) काम, नेहमीच्या कोरियन स्टुडिओकडून, म्हणजे एकॉमकडून, फिलिपाइन्समधल्या स्टुडिओकडे गेलं. चेहऱ्यांची ठेवण एकदम बदलते ती म्हणून. ‘शेवटी पात्रं वेगळीच दिसायला लागली’ असं लिहिणाऱ्याचं निरीक्षण बरोबर असतं, पण त्याचं खापर तो दिग्दर्शकावर फोडतो. कारण स्टुडिओ आणि पैसा यांत आहे.

क्रमाचा घोळ तर याहून मोठा. ‘नो म्यूटंट इज ॲन आयलंड’ हा भाग ‘फिनिक्स सागा’नंतर लगेच यायचा होता: प्रेयसी जीन गेली असं समजून संघनायक सायक्लॉप्स संघ सोडतो आणि तो जिथे वाढला त्या अनाथाश्रमात जातो. रंगकामातल्या अडचणींमुळे तो रखडला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये दाखवला गेला. तोवर ‘डार्क फिनिक्स’ची कथा होऊन गेलेली, जीन परत येऊन संघात रुळलेली. प्रसारणाच्या क्रमाने बघणाऱ्याला सायक्लॉप्सचं दुःख निव्वळ विसरभोळेपणा वाटतं. पटकथेत खोट नाही, भाग चुकीच्या जागी पडलाय. शेवटच्या सीझनचा म्हणून त्याला गुण देणं किंवा कापणं, दोन्ही चूक.

तीन वेळा निरोप घेतलेला संघ

‘जस्टिस लीग’ (नोव्हेंबर २००१ पासून) आणि पुढे ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ मिळून ९१ भाग झाले, आणि या ९१ भागांत निर्मात्यांनी तीनदा निरोप घेतला. मे २००४ मध्ये ‘स्टारक्रॉस्ड’, जुलै २००५ मध्ये ‘एपिलॉग’ आणि १३ मे २००६ ला ‘डिस्ट्रॉयर’. पहिल्या दोन्ही वेळी पुढचं काम मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून ‘स्टारक्रॉस्ड’मध्ये वॉचटॉवर हा संघाचा तळ अवकाशातून खाली आणून संपवला जातो आणि हॉकगर्ल संघ सोडते. पुन्हा सुरू करायची मालिका कोणी इतकी उघडी मोडत नाही.

‘एपिलॉग’कडे नीट बघायला हवं. त्याचं शेवटचं दृश्य १९९२ च्या बॅटमॅन मालिकेतल्या ‘ऑन लेदर विंग्ज’ या भागाच्या सुरुवातीशी जुळवलेलं आहे. तेरा वर्षांत उभं राहिलेलं सगळं विश्व जिथून सुरू झालं तिथे आणून ठेवायचं, हा त्यामागचा विचार. पण ‘ऑन लेदर विंग्ज’ हा बनलेल्यांपैकी पहिला भाग. ५ सप्टेंबर १९९२ ला दाखवलेला पहिला भाग होता ‘द कॅट अँड द क्लॉ’, आणि ‘ऑन लेदर विंग्ज’ दुसऱ्या दिवशी आला. फक्त प्रसारणाची यादी समोर ठेवणाऱ्याला हे वर्तुळ पूर्ण झाल्याचं कळतच नाही. निर्मितीक्रम हाताशी ठेवा, असं आम्ही आग्रहाने म्हणतो ते अशा जागांसाठी.

यानंतर आलेले १३ भाग कमी दर्जाचे धरले जातात. आमच्या मते हा अन्याय आहे, आणि त्याचं एक ठोस कारण आहे. त्या काळात बॅटमॅनची वेगळी मालिका सुरू होती, नवे चित्रपट येत होते, आणि बॅटमॅनशी जोडलेली पात्रं या मालिकेला वापरायला मिळत नव्हती. चाहत्यांमध्ये याला ‘बॅट-एम्बार्गो’ म्हणतात. हाताशी असलेले उत्तम खलनायक काढून घेतल्यावर लेखकांनी लेक्स ल्यूथर आणि ग्रॉड यांच्याभोवती खलनायकांची टोळी रचली, दुय्यम पात्रांना पुढे आणलं. अडचणीतून काढलेली ही वाट ‘डिस्ट्रॉयर’मध्ये फळाला येते. डार्कसाइडचा हल्ला परतवल्यावर नायक खलनायकांना पळायला पाच मिनिटं देतात, आणि मग सगळा संघ इमारतीच्या पायऱ्यांवरून कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येतो. हा घोळका जुन्या आणि नव्या काळातल्या पात्रांचा विचार करून लावलेला आहे. ते दृश्य एकदा थांबवत थांबवत बघा. अर्ध्या मिनिटात मावलेली ती पात्रांची यादी म्हणजे निर्मात्यांनी केलेला नमस्कार आहे.

मध्येच तुटलेल्या मालिका

‘टीन टायटन्स’ बरोबर ६५ भागांची: १३ भागांचे पाच सीझन. पाचव्या सीझनची ब्रदरहूड ऑफ ईव्हिल या खलनायकांच्या टोळीची कथा ‘टायटन्स टुगेदर’मध्ये, म्हणजे ६४ व्या भागात, पूर्ण मिटते. १६ जानेवारी २००६ चा ‘थिंग्ज चेंज’ हा त्यानंतरचा एकटा भाग. संघाने पूर्वी गमावलेल्या टेरासारखी दिसणारी मुलगी भेटते, तिचा जुना मित्र बीस्ट बॉय तिच्या मागे लागतो, उत्तर मिळत नाही, दैत्यही हाती लागत नाही. ‘सगळं अर्धवट सोडलं’ ही यावरची नेहमीची तक्रार. पण कथा आधीच्या भागात संपवून उरलेला भाग हरवलेल्या मैत्रीला द्यायचा, ही निवड दोन्ही भाग शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसते. ‘थिंग्ज चेंज’चं परीक्षण एकट्याने लिहूच नये.

‘यंग जस्टिस’ची गोष्ट वेगळी. तिथे पैशाचा बराच भाग खेळण्यांच्या करारातून येत होता आणि खेळणी अपेक्षेएवढी खपली नाहीत, हे निर्माते ग्रेग वाइसमन यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये मालिका वेळापत्रकातून अचानक उचलली गेली, जानेवारी २०१३ मध्ये परतली आणि १६ मार्चला ‘एंडगेम’ने थांबली. संघातला वॉली वेस्ट गेला, खलनायक व्हँडल सॅव्हेज डार्कसाइडसमोर उभा राहिला, आणि पडदा पडला. तिसरा सीझन यायला जानेवारी २०१९ उजाडलं. या मालिकेत दृश्याच्या सुरुवातीला ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून येते. पहिल्या सीझनच्या अखेरीस तरुणांच्या या संघाला कळतं की मोठ्यांच्या जस्टिस लीगमधल्या सहा जणांच्या सोळा तासांचा हिशेब लागत नाही. या सोळा तासांची गाठ दुसऱ्या सीझनमध्ये सुटते. पडद्यावरच्या तारखा वहीत उतरवून घेणाऱ्याला ती जुळवाजुळव करता येते. बाकीच्यांना दुसरा सीझन घाईत वाटतो.

या तिसऱ्या सीझनचा उत्तरार्ध २ जुलै ते २७ ऑगस्ट २०१९ या काळात आला. त्याच ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर होता. लोक घराच्या माळ्यावर सामान चढवत होते, कोण कुठे अडकलंय याचे फोन चालले होते. ज्या ऑनलाइन सेवेवर ही मालिका येत होती ती भारतात अधिकृतपणे नव्हतीच. त्यामुळे इकडून या सीझनबद्दल जे काही लिहिलं गेलं ते उशिरा आणि सलग बघून. आठवडा-आठवडा थांबून बघितलेल्या भागाचं वजन आणि एका बैठकीत बघितलेल्याचं वजन सारखं नसतं. परीक्षणात हे सांगून टाकावं.

केबल, डबिंग आणि गेलेली वीज

कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं. सुरुवातीला दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट. नंतर हिंदी डबिंग आलं आणि गावोगावची मुलं या मालिकांना धरून बसली. जस्टिस लीगच्या पहिल्या ५२ भागांची रचना इथे महत्त्वाची ठरते: २१ कथा दोन-दोन भागांच्या, तीन कथा तीन-तीन भागांच्या, आणि फक्त ‘कम्फर्ट अँड जॉय’ एका भागात संपणारी. म्हणजे अर्धा तास हुकला की अर्धी कथा गेली. दोन हजारच्या दशकात सातारा-सांगलीत भारनियमन होतं, आणि वर्तमानपत्रात मालिकेचं नाव यायचं, भागाचं यायचं नाही. पूर्वार्ध एका सुट्टीत आणि उत्तरार्ध भलत्याच महिन्यात बघितलेली माणसं या भागात कमी नाहीत. लहानपणीच्या आठवणीवर परीक्षण लिहायचं तर आधी हा गुंता सोडवावा लागतो.

डबिंगचंही तसंच. एकच कलाकार दोन-तीन पात्रांना आवाज देतो, ही नेहमीची पद्धत. मूळ मालिकेत आवाजावरून मिळणारी खूण त्यात पुसली जाते, आणि कधी उलट होतं: दोन पात्रांचा आवाज सारखा म्हणून ती एकच असावीत असा भलताच संशय येतो. शेवटच्या भागांत सगळी जुनी पात्रं एकत्र येतात, तेव्हा हा घोळ सर्वांत जास्त जाणवतो. कोणत्या भाषेतला आवाज ऐकून लिहितोय ते पहिल्याच परिच्छेदात सांगणं बरं.

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच केलं. शेवटचा अंक उतरला की पडला यावर तावातावाने वाद घालणं या गावाला नवं नाही. नाटकात मात्र पुढच्या प्रयोगाला सुधारणा करता येते. कार्टूनचं गणित वेगळं आहे. पटकथा मंजूर झाल्यापासून रंगवलेला २२ मिनिटांचा भाग परत येईपर्यंत बहुधा नऊ महिने ते वर्ष जातं. पहिला भाग दाखवला जातो तेव्हा त्याच सीझनचे शेवटचे भाग लिहून, चित्रफलक (स्टोरीबोर्ड) काढून परदेशी स्टुडिओकडे गेलेले असतात. म्हणून ‘प्रेक्षकांची नाराजी बघून शेवट बदलला’ हे वाक्य एका सीझनच्या आत जवळजवळ कधीच खरं नसतं. पुढच्या सीझनबाबत ते शक्य आहे.

स्टुडिओकडून भाग परत आला की चुकीची दृश्यं दुरुस्तीला पाठवतात. वेळ संपत आला की आधी गर्दीच्या दृश्यांवर गदा येते: मागची पात्रं गोठल्यासारखी उभी राहतात, ओठ हलत नाहीत, पोशाखाचा एखादा रंग चुकतो. ‘एक्स-मेन’चा पहिलाच भाग चुकांसकट दाखवावा लागला होता आणि दुरुस्ती नंतर झाली. त्यामुळे प्रसारणाची प्रत आणि आज उपलब्ध असलेली प्रत वेगळी असू शकते. चुकांची यादी देताना प्रत कोणती, ते लिहावं.

वहीत प्रत्येक भागासाठी सहा रकाने पुरतात: निर्मितीक्रम, प्रसारणाची तारीख, लेखक, दिग्दर्शक, रंगकाम करणारा स्टुडिओ, आणि हा भाग लिहिताना मालिका संपणार हे ठाऊक होतं का. पहिले पाच श्रेयनामावलीतून आणि अधिकृत याद्यांमधून भरता येतात. सहाव्यासाठी निर्मात्यांच्या मुलाखती वाचाव्या लागतात, आणि तो रिकामा राहिला तर ‘गुंडाळला’ हा शब्द वापरायचा नाही.

जुनी परीक्षणंही पुन्हा तपासावी लागतात. ‘एक्स-मेन’चा अखेरचा भाग ‘ग्रॅज्युएशन डे’ २० सप्टेंबर १९९७ चा: संघाचा संस्थापक, जखमी चार्ल्स एकेकाचा निरोप घेतो, जुना शत्रू मॅग्नेटो युद्ध बाजूला ठेवून त्याला वाचवायला मदत करतो आणि परग्रहावरची सम्राज्ञी लिलँड्रा चार्ल्सला घेऊन जाते. सव्वीस वर्षांहून जास्त काळ तो मालिकेचा शेवट म्हणून मोजला गेला. २० मार्च २०२४ ला ‘एक्स-मेन ९७’ तिथूनच सुरू झाली आणि पहिल्या भागाच्या अखेरीस चार्ल्सचा वारसा सांगत मॅग्नेटो दारात उभा राहिला. आता ‘ग्रॅज्युएशन डे’वर लिहिताना पुढचे दहा भाग बघून लिहिलंय की न बघता, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.