तुंबलेलं धान्य आणि चालू यंत्रातला हात

धान्याचं यंत्र चोक झालं तर आधी ते बंद करा, मग हात घाला. गोदामात, गिरणीत किंवा हार्वेस्टरवर कामाला लागणाऱ्याला आज ही सूचना पहिल्याच दिवशी मिळते. ती इतकी साधी आहे की ती पूर्वीपासूनच असणार असं वाटतं. तशी ती नव्हती. धान्य हलवण्याचं काम यंत्रांकडे गेल्यानंतर ही सूचना नियमाच्या रूपात यायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी हाताच्या किंवा जिवाच्या मोलाने लिहिली गेली आहे.

मुळात धान्य अडतं का? ते वाहताना दिसतं, पण पाण्यासारखं वाहत नाही. दाणे एकमेकांवर घासतात, भिंतीवर घासतात आणि तोंड अरुंद झालं की एकमेकांना टेकून कमान धरतात. वर कितीही टन माल असो, ती कमान सगळा भार पेलते आणि खाली एक दाणा पडत नाही. कोरडा, स्वच्छ गहू सहसा असा त्रास देत नाही. त्रास देतो तो ओलसर माल, फुटका दाणा, कोंडा, काड्या आणि बुरशी लागून झालेले गोळे. त्यामुळे तुंबण्याची गोष्ट बहुतेक वेळा यंत्राच्या आधी, माल साठवला त्या दिवशीच सुरू झालेली असते.

यंत्रयुगाच्या आधीच्या गिरणीवाल्यांनाही ही अडचण ठाऊक होती, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. दगडी चक्कीच्या वर धान्याचं लाकडी चाडं असायचं आणि त्याखाली तिरकी पन्हळ. वरच्या दगडाबरोबर फिरणारा एक कंगोऱ्यांचा दांडा त्या पन्हळीला सतत ठोसे देत राही. त्या खटखटीने दाणा कमान धरायच्या आत सुटायचा. दगड जोरात फिरला तर ठोसे जास्त आणि धान्यही जास्त. दगड मंदावला तर दोन्ही कमी. तरीही एखादं ढेकूळ अडकलं तर गिरणीवाला हाताने मोकळं करायचा. तिथे हात घालण्यात फारसा धोका नव्हता, कारण यंत्राचा वेग माणसाच्या हाताच्या वेगाहून फार वेगळा नव्हता आणि सगळं उघड्यावर, डोळ्यांसमोर होतं.

पुढे या दोन्ही गोष्टी बदलल्या. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये ऑलिव्हर इव्हान्स या यांत्रिकाने 1780 च्या दशकात अशी गिरणी उभी केली की एका टोकाला धान्य ओतलं की दुसऱ्या टोकाला पीठ मिळे आणि मधे माणसाने पोतं उचलायची गरज उरत नसे. पट्ट्यावर बसवलेल्या छोट्या वाट्या धान्य वर नेत आणि आडव्या नळीतला मळसूत्री दांडा ते पुढे ढकलत असे. 1790 मध्ये त्याला या व्यवस्थेचं पेटंट मिळालं. अमेरिकेच्या नव्या पेटंट कायद्याखाली दिलेलं ते तिसरंच पेटंट. आजचा बकेट एलेव्हेटर (वाट्यांचा पट्टा) आणि आजचा ऑगर (नळीतला मळसूत्री दांडा) हे दोन्ही त्याच रचनेचे थेट वारस आहेत. मळसूत्राची कल्पना आर्किमिडीजच्या नावाने दोन हजार वर्षं चालत आलेली होती, पण ती पाणी उचलण्यासाठी होती. पाणी नळीत कमान धरत नाही, धान्य धरतं. इव्हान्सबरोबर तुंबणं पहिल्यांदाच बंद नळीच्या आत, नजरेआड गेलं.

वेग आणि आकार वाढला तो अमेरिकेतल्याच बफेलो बंदरात. 1842 मध्ये जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या अभियंत्याकडून वाफेवर चालणारं धान्याचं एलेव्हेटर, म्हणजे यंत्राने माल वर चढवून साठवणारी इमारत, बांधून घेतलं. त्याआधी जहाजातला गहू मजुरांच्या पाठीवरून उतरायचा. डार्टचं यंत्र तासाला हजार बुशेल, म्हणजे साधारण 27 टन गहू उपसू लागलं. पुढच्या काही दशकांत अशी एलेव्हेटरं बंदरोबंदरी आणि रेल्वेमार्गांवर उभी राहिली.

बकेट एलेव्हेटर चोक होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे जवळून पाहायला हवं, कारण पुढचे निम्मे नियम त्यातूनच आले. उभ्या खोक्यात एक पट्टा वर जातो, एक खाली येतो. तळाच्या भागाला बूट म्हणतात. तिथे धान्य पडतं आणि बादल्या ते उचलतात. वरच्या टोकाला माल पुढे नेणारी वाट बंद असेल, किंवा खाली धान्य वेगाने पडत असेल, तर बुटात ढीग साचतो आणि बादल्या त्यात रुततात. भरलेला एलेव्हेटर वीज गेल्याने मधेच थांबला तर आणखी एक भानगड होते : चढत्या बाजूच्या बादल्यांत माल असतो, उतरत्या बाजूच्या रिकाम्या असतात. त्या वजनाने पट्टा उलटा फिरतो आणि सगळा माल बुटात ओततो. म्हणूनच उलट फिरणं रोखणारी खुंटी पुढे या यंत्रात बसवली गेली.

आता पट्टा अडला आहे, पण मोटर चालू आहे. वरची पुली पट्ट्याखाली नुसतीच घसरत फिरते. घर्षणाने रबर तापतं, धुमसतं आणि अखेर जळका पट्टा तुटून खाली कोसळतो, तोही धान्याच्या बारीक धुळीने भरलेल्या बंद खोक्यात. ही धूळ हवेत तरंगत असताना ठिणगी मिळाली तर बंदुकीच्या दारूसारखी भडकते. मिनियापोलिसमधली वॉशबर्न ए ही प्रचंड पीठगिरणी 2 मे 1878 रोजी अशाच धुळीच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि 18 कामगार गेले. तिथे ठिणगी एलेव्हेटरची नव्हती. मधे दाणा न येता चक्कीचे दगड कोरडेच घासले गेले आणि त्यांतून ती उडाली, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. धान्याचा ओघ खंडित होणं हीच आगीची सुरुवात ठरू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिलं.

चालू यंत्रात हात घालण्याबद्दल कायदा पहिल्यांदा बोलला तो ब्रिटनमध्ये, 1844 च्या फॅक्टरी कायद्यात. गिरणीची चाकं आणि दांडे चालू असताना मुलांनी व किशोरांनी ते साफ करायचे नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. पण तो कायदा कापडगिरण्यांचा होता आणि मनाई फक्त लहानांना होती. मोठ्या माणसाने चालू यंत्र साफ करणं हे पुढेही बराच काळ कामाचा भागच मानलं गेलं.

शेतावर तर कायदा पोचलाच नाही, वेग मात्र पोचला. 1918 च्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, बाजारात आणला. पुढे त्याचा वेग मिनिटाला 540 फेरे असा प्रमाणित झाला. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सदऱ्याची बाही शाफ्टला अडकली आणि हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात शाफ्ट चार वेळा फिरलेला असतो.

याची सगळ्यात मोठी किंमत मका तोडणाऱ्या यंत्रांवर मोजली गेली. त्यांत शेजारी शेजारी फिरणारे दोन रूळ मक्याचं ताट खाली खेचत आणि कणीस वरच्या वर तुटे. ताटं ओली असली की रुळांत गच्च बसत. चालक खाली उतरे आणि अडकलेलं ताट हाताने ओढून काढू पाही. यंत्र चालू ठेवण्यामागे त्याचं गणित सरळ होतं : रूळ फिरत राहिले तर गुंता आपोआप गिळला जाईल, आणि बंद केलं तर सगळं पुन्हा सुरू करण्यात वेळ जाईल. गडबड अशी की ताट सुटलं की रूळ ते सेकंदाला सुमारे 12 फूट वेगाने खेचून घेतात. ताट सोडायचं हे मेंदूला कळून बोटं उघडेपर्यंत हात रुळांपाशी पोचलेला असे. 1940 आणि 1950 च्या दशकांत अमेरिकेच्या मका पिकवणाऱ्या राज्यांत दर हंगामात असे हात आणि बोटं गेली. त्यांना निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. थकलेल्या माणसाने दिवस मावळताना घेतलेला तो निर्णय होता, आणि माणसाचे हात इतके मंद असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून मका थेट हार्वेस्टरने काढता येऊ लागला आणि ही यंत्रं हळूहळू मागे पडली.

मळणी यंत्राचा इतिहासही याच वळणाचा आहे. पेंढी आत ढकलताना ती अडते आणि हात तिच्यामागे जातो. भारतात 1983 साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला तो या मळणी यंत्रांवरच्या अपघातांमुळे. पेंढी ज्या पन्हळीतून आत जाते ती पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असली की हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचतच नाही. सावधगिरीच्या पाटीपेक्षा ही लांबी जास्त काम करते.

तुंबूच नये म्हणून काय करावं, याचं शास्त्र मात्र वेगळ्या वाटेने आलं. 1884 मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी दाखवलं की कोठारात धान्याची उंची वाढवत नेली तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही. 1895 मध्ये जर्मन अभियंता यानसेन यांनी त्याचं सूत्र मांडलं : उरलेला भार भिंती घर्षणाने पेलतात. कमान का टिकते, याची गुरुकिल्ली इथेच होती. पण हॉपर, म्हणजे कोठाराचा खालचा निमुळता भाग, किती तिरका आणि त्याचं तोंड किती मोठं असावं, हे गणिताने सांगायला आणखी सहा-सात दशकं गेली. ते काम युटा विद्यापीठात अँड्रू जेनिके यांनी केलं. त्यांचे मुख्य अहवाल 1961 आणि 1964 चे. माल दाबून, सरकवून त्याची घट्ट धरण्याची ताकद मोजायची आणि त्यावरून हॉपर आखायचा, ही त्यांची पद्धत आजही वापरली जाते.

तोपर्यंतचा उपाय म्हणजे हातोडा. हॉपर अडला की बाहेरून ठोकायचा. जुन्या हॉपरच्या पत्र्यावर माणसाच्या खांद्याच्या उंचीला पोचे पडलेले दिसतात ते त्यामुळे. प्रत्येक पोच्याचा आतून उंचवटा होतो, त्यावर माल आणखी अडतो, मग आणखी ठोकावं लागतं. नंतर कंपन देणारी यंत्रं आणि दाबाखालची हवा एकदम सोडणाऱ्या तोफा आल्या. मुळात हॉपरच चुकीचा आखलेला असेल तर त्यांनीही फार काही साधत नाही.

सायलोच्या, म्हणजे उंच बंद कोठाराच्या, आतलं तुंबणं सगळ्यात जीवघेणं. ओल धरलेल्या मक्याचा वर कडक थर होतो, किंवा गोळे खाली तोंडाशी जाऊन बसतात. मग कुणीतरी सळई घेऊन आत उतरतो आणि वरून चालत, टोचत गोळे फोडतो; खाली ऑगर चालूच असतो. गोळा फुटला की धान्य एकदम धावू लागतं आणि माणूस त्याबरोबर खाली ओढला जातो. काही सेकंदांत पाय रुततात, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो पूर्ण बुडू शकतो. कंबरेपर्यंत गाडला गेलेला माणूस दोराने ओढून निघत नाही. भोवती पत्र्यांची नळी उभी करून आतलं धान्य उपसावं लागतं.

डिसेंबर 1977 मध्ये लुइझियानातल्या वेस्टवेगो इथल्या एलेव्हेटरमध्ये स्फोट होऊन 36 जण मेले. पाचच दिवसांनी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात दुसरा मोठा स्फोट झाला. त्यानंतरच्या अभ्यासांत स्फोटांचं सगळ्यात नेहमीचं उगमस्थान म्हणून बकेट एलेव्हेटरचं नाव पुढे आलं. दहा वर्षांनी, 1987 च्या अखेरीस, अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने धान्य हाताळणीचं स्वतंत्र मानक जाहीर केलं. त्यातलं एक छोटं वाक्य थेट आपल्या विषयाचं आहे : चोक झालेला एलेव्हेटर मोटर थोडी थोडी चालू-बंद करून सोडवायचा नाही. तोवर सर्रास हेच केलं जात होतं, आणि या झटक्यांनीही पुली घसरून तापायची. आता करायचं ते असं : मोटर बंद करून कुलूप लावा, बुटाचा दरवाजा उघडा, माल बाहेर काढा, मग रिकामा पट्टा चालू करा. मोठ्या केंद्रांसाठी आणखी एक अट आली : पट्ट्याचा वेग नेहमीच्या वेगापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त खाली जायच्या आत एलेव्हेटर आपोआप बंद पडला पाहिजे. प्रवाह सुरू करण्यासाठी धान्यावरून चालत जाण्यावरही याच मानकाने पुढे बंदी घातली. 1989 मध्ये यंत्रांना कुलूप लावण्याचं सर्वसाधारण मानक आलं. कुलूप लावल्यावरही अडलेल्या पट्ट्यात किंवा पिळलेल्या शाफ्टमध्ये ताण शिल्लक असतो आणि गुंता सुटताक्षणी तो भाग झटक्याने फिरतो. म्हणून तो ताण आधी सोडवणंही त्यात आलं. आजच्या हार्वेस्टरवर माल आत घेणारा तोंडाकडचा भाग उलटा फिरवण्याची सोय असते. चालकाला केबिनमधून न उतरता गुंता बाहेर काढता येतो.

हे सगळं नियमात आल्यानंतरही 2009 चा पावसात सापडलेला कापणीचा हंगाम आला. अमेरिकेत मका ओलाच साठवला गेला, तो खराब झाला, गोळे धरले, आणि 2010 मध्ये धान्यात माणसं अडकण्याच्या किमान 51 घटना पर्ड्यू विद्यापीठाने नोंदवल्या. तोवरच्या नोंदींत हा सर्वाधिक आकडा होता. त्यांतली एक इलिनॉयमधल्या माउंट कॅरोलची, 28 जुलै 2010 ची : खाली यंत्र चालू असताना मक्याचे गोळे फोडायला आत उतरलेली 14 आणि 19 वर्षांची दोन मुलं गेली. कमरेला पट्टा, दोर काहीच नव्हतं. ते केंद्र तरी नियमांच्या कक्षेत होतं. पर्ड्यूच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींत निम्म्याहून जास्त घटना शेतांवरच्या कोठारांतल्या आहेत, आणि दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या शेतांवर कामगार सुरक्षा यंत्रणेने खर्च करून अंमलबजावणी करू नये, अशी तरतूद अमेरिकी काँग्रेस 1976 पासून आपल्या अर्थसंकल्पी विधेयकांत घालत आली आहे.