बगॅस : इंधन म्हणून प्रदेशनिहाय वापर

बगॅस म्हणजे ऊस गाळून उरलेला तंतुमय चोथा. टनभर उसामागे तो २८० ते ३०० किलो निघतो आणि शेवटच्या मिलमधून बाहेर पडताना त्यात निम्मे पाणी असते. अशा ओल्या बगॅसचे उष्मांक मूल्य किलोला सुमारे २,२७० किलोकॅलरी भरते. एका टनावर साधारण २.२ टन वाफ होते. ओलावा दोन-तीन टक्क्यांनी वाढला तरी भट्टी मंदावते. त्यामुळे शेवटच्या मिलचे रोलर झिजून चोथा नीट पिळला गेला नाही की त्याचा फटका बॉयलरलाही बसतो.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत हा चोथा, म्हणजे चिपाड, उन्हात वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात घालतात. अवकाळी पाऊस झाला की ते वाळत नाही, आच एकसारखी राहत नाही, रस आटायला वेळ लागतो आणि गूळ काळपट उतरतो.

साखर कारखान्यांचे गणित वेगळे. जुने बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे होते. ते बगॅस संपवायचे, पण विकण्याजोगी वीज फारशी देत नसत. सहवीजनिर्मितीत, म्हणजे एकाच वाफेतून वीज आणि रस आटवायची उष्णता दोन्ही घेण्याच्या पद्धतीत, ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग कमी दाबावर रस आटवते. ८७ किलोच्या संचातून टनभर उसामागे ढोबळमानाने १०० युनिट वीज विकता येते. मात्र प्रक्रियेला लागणारी वाफ उसाच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. जुन्या पद्धतीने ५० टक्के वाफ खर्ची पडली, तर महागडा बॉयलर घेऊनही हाती थोडेच लागते.

यंत्रांइतकाच हंगामही निर्णायक ठरतो. मध्य-दक्षिण ब्राझीलमध्ये गाळप साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते. नेमक्या याच कोरड्या काळात जलविद्युत धरणांतले पाणी उतरलेले असते, म्हणून तिथल्या ग्रिडला बगॅसची वीज हवी तेव्हा मिळते. मॉरिशसमध्ये गाळप जून ते डिसेंबर. उरलेल्या महिन्यांत त्याच बॉयलरांत आयात कोळसा जळतो. तेव्हा तिथल्या अशा केंद्रांना सरसकट हरित म्हणणे धाडसाचे आहे. महाराष्ट्रात हंगाम बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो आणि उन्हाळ्याची मागणी साठवलेल्या बगॅसवर जेमतेम काही आठवडे भागते. तमिळनाडूत बगॅसला कागदाची स्पर्धा आहे : करूरजवळच्या सरकारी कागद कारखान्याने साखर कारखान्यांना कोळसा देऊन बदल्यात बगॅस घेण्याची व्यवस्था लावली. लगद्याला तंतू लागतो. मऊ गर वेगळा काढून तेवढाच जाळतात.

पाचटाचेही तसेच. साओ पाउलो राज्याने २००२च्या कायद्याने तोडणीपूर्वी ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. यंत्रतोडणी वाढली आणि शेतातले पाचट गाठी बांधून बॉयलरकडे नेता येऊ लागले. त्यात माती, पोटॅश आणि क्लोरीन जास्त असल्याने सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांवर राखेचे थर बसतात व गंज चढतो. म्हणून ते बगॅसमध्ये थोडे-थोडे मिसळतात. महाराष्ट्रात बहुतांश तोडणी कोयत्याने होते. हिरवे वाढे जनावरांच्या वैरणीला जाते, पाचट फडातच कुजवतात किंवा पेटवतात. विखुरलेले, हलके पाचट गोळा करून वाहून आणण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या विजेला सहसा परवडत नाही.

साठवणीत ढीग दाबून ठेवावा लागतो. सैल राहिला तर वाऱ्याने उडतो, आत तापून पेट घेऊ शकतो. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ श्वासातून गेल्यास ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसांचा विकार जडतो; ढीग फोडणाऱ्या कामगारांना त्याचा धोका सर्वाधिक.