जंतू आला कुठनं? जीनोम सीक्वेन्सिंगबद्दल ग्राहकांसाठी माहिती

पाण्याच्या रिपोर्टवर ‘ई. कोलाय आढळला’ असं दिसलं की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आला कुठनं?" आमच्या प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी तेवढं सांगत नाही. जंतू आहे की नाही, इतकंच तिला कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. हा आतड्यात राहणारा जंतू; तो पाण्यात सापडला, तर कुठूनतरी विष्ठा मिसळते आहे. नेमकी कुठून, हे शोधायला जंतूची वंशावळ काढावी लागते. त्यासाठी करतात ते जीनोम सीक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचणं.

माणसांची वंशावळ आपल्याकडे हेळवी वहीतून सांगतो. जंतूची वही त्याच्या पेशीतच असते. ई. कोलायच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएत, साधारण 46 ते 55 लाख अक्षरं असतात, आणि पेशी दुभंगताना दरवेळी ती सगळी नव्यानं उतरवली जातात. क्वचित एखादं अक्षर चुकतं. सातबाऱ्यावर नावात एकदा झालेली चूक पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर येते, तशी हीसुद्धा पुढच्या पिढ्यांत राहते. तुमच्या टाकीतल्या आणि शेजारच्या नाल्यातल्या जंतूंत पाच-दहा अक्षरांचाच फरक निघाला, तर ते जवळचे भाऊबंद. हजारोंचा निघाला, तर घराणी वेगळी. मात्र नाल्यात अशी अनेक घराणी एकत्र नांदतात, म्हणून एका जागेच्या एकाच जंतूवर आम्ही निष्कर्ष काढत नाही.

बहुतेक ई. कोलाय आपल्या आतड्यात कुणाला त्रास न देता राहतात. मग काही घातक कसे झाले? 2001 मध्ये ओ157 या घातक प्रकाराचा जीनोम वाचून प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी के-12 शी ताडून पाहिला, तेव्हा त्यात 1,300 हून अधिक जास्तीची जनुकं सापडली. विष तयार करणारं जनुक तर जंतूंना लागण करणाऱ्या विषाणूनं आणून घातलेलं. म्हणजे अक्षरं चुकत चुकत हळूहळू होणारा बदल वेगळा, आणि असा एका फटक्यात होणारा वेगळा. दुसरा जास्त धोक्याचा.

2011 मध्ये जर्मनीत हेच घडलं. ई. कोलायच्या साथीत सुमारे 4 हजार माणसं आजारी पडली, 50 हून अधिक दगावली. आधी संशय काकडीवर गेला. जीनोम काही दिवसांत वाचला गेला आणि आतड्याला चिकटून राहणाऱ्या एका घराण्यात ओ157 सारखं विषाचं जनुक शिरल्याचं कळलं. पण हा जंतू आला कशातून, हे जीनोमनं सांगितलं नाही. हॉटेलात कोणी काय खाल्लं आणि माल कुठून आला, याच्या नोंदी जुळवल्यावर धागा मोड आलेल्या मेथीपर्यंत पोचला.

म्हणून मिसळ, खानावळ आणि डेअरीवाल्यांना आमची कळकळीची विनंती आहे. मटकी कोणत्या पोत्यातली, कधी भिजवली, दूध कोणत्या गोठ्यातलं, याची वही ठेवा आणि बिलं जपा. नातं आम्ही सांगू, पत्ता तुमच्या वहीत असतो. उसळीची मटकी पूर्ण शिजवा. कच्चे मोड लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि वयस्कर माणसांना देऊ नका.

आमच्याकडे नमुना आला की तो मॅकॉन्की प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या बशीवर, पसरून रात्रभर 37 अंशांत ठेवतो. सकाळी त्यावर मोहरीएवढे गुलाबी ठिपके उठलेले दिसतात. एक ठिपका म्हणजे एकाच पेशीची कोट्यवधी पिलावळ. ई. कोलायची खात्री झाल्यावर असे अनेक ठिपके वेगळे वाढवून, त्यांचा डीएनए काढून सीक्वेन्सिंगला पाठवतो.

दर वेळी हा खर्च करू नका. पुरात टाकी बुडाली असेल तर मूळ उघड आहे. टाकी उपसा, घासा, क्लोरीन टाका आणि साधी तपासणी पुन्हा करा. स्वच्छता करूनही जंतू परत परत येत असेल, किंवा एकाच ठिकाणी जेवलेले बरेच जण आजारी पडले असतील, तेव्हा सीक्वेन्सिंग उपयोगी पडतं. तेव्हा उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. आजारी माणसाला मात्र रिपोर्टची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या.

पाण्याचा नमुना आमच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. बाटलीच्या तळाशी पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम थांबवणारं औषध असतं, त्यामुळे ती आधी विसळू नका.