वेडिंग प्लॅनर आणि वेडिंग कोऑर्डिनेटर: आपल्याकडच्या लग्नाला नक्की कोण पाहिजे?

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याला ताईचं लग्न झालं. तेव्हापासून ओळखीत कोणाचंही लग्न ठरलं की मी पहिलं हेच विचारतो, प्लॅनर बघताय की कोऑर्डिनेटर? समोरचा म्हणतो, एकच ना ते. आम्हाला पण तसंच वाटायचं. आम्ही प्लॅनर घेतला होता, त्याने कार्यालय, डेकोरेशन, आचारी, फोटोवाला, मेकअपवाली सगळं छान जमवून दिलं, भाव पण पाडून दिले, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तो दुसऱ्याच गावी दुसऱ्याच लग्नात. फोन केला तर म्हणे तुमच्या पॅकेजमध्ये त्या दिवसाचं काम नव्हतं. कागद काढून बघितला, खरंच नव्हतं.

मग काय, मामा उभे राहिले. "मी शे ना" (मी आहे ना) म्हणाले आणि खरंच सकाळपासून पळत होते, सुरतहून येणारी बस हायवेवरून नेमकी कुठे वळवायची ते ड्रायव्हरला सांगायला स्वतः मोटरसायकलवर फाट्यावर जाऊन उभे. इकडे मुहूर्त आला, अंतरपाट धरला, गुरुजी विचारतायत मुलीचे मामा कुठे आहेत. ज्या माणसाने भाचीच्या मागे उभं राहायचं तो 42 डिग्रीच्या उन्हात फाट्यावर. शेवटी धाकटे मामा उभे राहिले. मोठे मामा आले तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या. त्यांनी कोणाला काही बोलून नाही दाखवलं, पण मला ते आजही लागतं.

तर फरक असा. प्लॅनरचं काम लग्न ठरल्यापासून सुरू होतं, म्हणजे आठ-दहा महिने आधीपासून. बजेट किती, त्यातलं जेवणाला किती, सजावटीला किती, तुळशीचं लग्न झाल्यावरच्या तारखा की आखाजीनंतरच्या (म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या), कार्यालय कोणतं, मग प्रत्येक कामाला दोन-तीन जणांचे रेट काढून तुमच्यासमोर ठेवायचे आणि बुकिंग करून द्यायचं. म्हणजे काय घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं, केवढ्यात घ्यायचं हे ठरवायला मदत करणारा माणूस.

कोऑर्डिनेटर यायला लागतो लग्नाच्या महिनाभर आधी, ठरवाठरवी झाल्यावर. तो सगळ्या पावत्या मागून घेतो, कोणाचा ऍडव्हान्स गेला, कोणाचे किती बाकी, कोण किती वाजता येणार, गाडी कुठून आत येणार, सगळ्यांना स्वतः फोन करून पक्कं करतो आणि हळदीपासून पाठवणीपर्यंतचं वेळापत्रक कागदावर उतरवतो. गुरुजींची यादी आदल्या दिवशी वाचून अंतरपाट, अक्षता, हार, मंगळसूत्र कोणाकडे आहे ते नावासकट लिहून ठेवतो. आणि त्या दिवशी सगळ्यांचे फोन त्याला.

हे किती बारीक काम असतं ते बट्टीवरून सांगतो. आपल्या खान्देशी पंगतीतल्या वरण-बट्टीची बट्टी, म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकडून ठेवलेली असते, कापून तळायची मात्र ऐनवेळी, गरम वाढली तरच मजा, लवकर तळली की दगड. आता नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला, वरात बॅण्डपुढे नाचत बसली आणि तास गेला, तर आचाऱ्याला कोण सांगणार की कढई थांबव? तो मागे भट्टीपाशी, त्याला मांडवातलं काही दिसत नाही. कोऑर्डिनेटरचा एक माणूस वरातीबरोबर असतो, वरात कार्यालयाच्या कोपऱ्यावर आली की भट्टीवर फोन जातो.

कार्यालयाचा मॅनेजर असतो की, असं खूप जण म्हणतात. तो कार्यालयाचा माणूस, लाईट, जनरेटर, पाणी, खोल्यांच्या चाव्या बघणार. फोटोवाला आला की नाही ते त्याचं काम नाही.

आता माझं स्पष्ट मत. आपल्या खान्देशात बहुतेक घरांना प्लॅनरची गरजच नसते, कारण प्लॅनिंग आपली माणसंच करतात आणि चांगली करतात. काकांना आचारी माहीत, मावशीला साड्यांचं दुकान माहीत, कोणाचं तरी कार्यालय ओळखीचं निघतं. कमी पडतो तो त्या दिवशी पळणारा परका माणूस, कारण घरचा माणूस पळायला लागला की त्याचं लग्नातलं स्वतःचं स्थान रिकामं राहतं. मुलगा-मुलगी दोघं पुण्याला नोकरीला, घरी फक्त वयस्कर आईवडील, अशा वेळी प्लॅनर जरूर घ्या, पण "लग्नाच्या दिवशी तुम्ही स्वतः येणार का, किती माणसं, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत" हे कागदावर लिहूनच घ्या. त्याच दिवशी दुसरं लग्न घेतलंय का ते पण विचारा. आणि डेकोरेशनवाल्याकडून वगैरे कमिशन घेता का, हे विचारायला लाजू नका, पैसे तुमचे जातायत.

एक काम दोघांच्याही यादीत नसतं, ते मुद्दाम सांगून ठेवा. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी 90 दिवसांत करायची असते, फॉर्मवर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. गुरुजी, साक्षीदार सगळे त्या दिवशी तिथेच असतात, कोऑर्डिनेटरला फॉर्म देऊन ठेवला तर जेवणाआधीच सह्या होतात. आम्हाला नंतर एका सहीसाठी नंदुरबारला जावं लागलं.

यंदा मामांच्याच दुसऱ्या भाचीचं, म्हणजे मावशीच्या मुलीचं लग्न जळगावला होतं. ह्या वेळी नुसता कोऑर्डिनेटर घेतला, बाकी सगळं घरच्यांनी ठरवलं. सकाळी त्या पोराने मामांकडे हात पुढे केला, "मामा, फोन द्या माझ्याकडे." मामांनी आधी नाही म्हटलं, मग दिला. अंतरपाट धरला तेव्हा मामा फेटा बांधून भाचीच्या मागे उभे होते, दोन्ही हात तिच्या खांद्यावर, आणि सुरतच्या बसचा फोन दुसराच कोणीतरी उचलत होता.