तंबाखूची जाहिरात: कायदा कडक, दंड मात्र हजाराचा

धुळ्याहून जळगावकडे निघालं की रस्त्याच्या कडेला टपऱ्या दिसू लागतात. पुड्यांच्या माळा, वर ब्रँडचं नाव लिहिलेली पाटी, तिच्यात आतून दिवा. अंधार पडला की लांबूनच उठून दिसते. तंबाखूच्या ब्रँडचं नाव आणि आतला दिवा, नियमात दोन्हींना मनाई आहे.

१९७५ च्या सिगारेट कायद्याने पाकिटावर इशारा आणला, पण जाहिराती चालूच राहिल्या. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक तर विल्स या सिगारेटच्या नावाने खेळला गेला. २००० साली केबल टीव्हीवरच्या तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, २००१ मध्ये विल्स बनवणाऱ्या आयटीसीने भारतीय क्रिकेट संघाचं प्रायोजकत्व सोडलं आणि २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा ‘कोटपा’ कायदा झाला. जाहिरातबंदी १ मे २००४ पासून लागू झाली.

त्यातलं कलम ५ विचारपूर्वक लिहिलेलं आहे. जाहिरात देणारा, ती दाखवणारा, तिच्यात काम करणारा, सगळेच त्यात येतात. भिंतीवर किंवा होर्डिंगवर जाहिरात नुसती राहू देणं हाही गुन्हाच. प्रायोजकत्व, भेट, बक्षीस, अगदी शिष्यवृत्तीच्या बदल्यातसुद्धा तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करता येत नाही. म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांच्या इनामावर तंबाखूचं नाव झळकलं, तर आयोजकांनाही जाब द्यावा लागेल. शिक्षा कलम २२ मध्ये आहे: पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० पर्यंत दंड. जाहिरातीचं साहित्यही सरकारजमा होऊ शकतं.

दुकानांना सवलत मिळाली आणि तिथेच फट पडली. दुकानाच्या दाराशी किंवा आत ६० बाय ४५ सेंटीमीटरची पाटी चालते. ब्रँडचं नाव, चित्र आणि दिवा २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकले. पण २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली जुलै २०१३ मध्ये. ही सात वर्षं कंपन्यांच्या पथ्यावर पडली.

दुसरी अडचण अंमलबजावणीची. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केलं किंवा शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री केली, तर २०० रुपयांत जागेवर तडजोड होते. जाहिरातीच्या गुन्ह्याला ही सोय नाही. फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने पाटी जप्त करायची, खटला भरायचा, तारखा करायच्या, आणि दोष सिद्ध झाला तरी न्यायालय नुसत्या हजाराच्या दंडावर सोडू शकतं. हजार रुपये टपरीवाल्याला जड जातात, कंपनीच्या मात्र ते खिजगणतीतही नसतात. या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय मला हाच वाटतो.

दंड वाढवता येत नाही असंही नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने याच कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरसाठी एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड ठेवला. केंद्राच्या २०१९ च्या ई-सिगारेट कायद्यात जाहिरातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक लाखापर्यंत दंड आहे. बिडी-सिगारेट आणि तंबाखूच्या पुडीची जाहिरात करणाऱ्याला मात्र २००३ चाच आकडा लागू आहे.